लपलेला किडा डोळ्याला दिसतो पण फोटोत हरवतो, कसा काढायचा?

परडं_अनगोळ

नमस्कार मंडळी. मी बेळगावात अनगोळला राहते. घराच्या मागं लांबुळकं परडं आहे, त्यात जुना आंबा, कढीपत्ता, लिंबू, तगर, जास्वंद आणि कंपाउंडच्या कडेनं नुसतं रान माजलेलं. पाऊस जरा उघडला की मी कॅमेरा घेऊन मागल्या दारीच असते. फुलपाखरं, चतुर हे बऱ्यापैकी जमायलंय, पण मला खरी ओढ लागलीय ती लपून बसणाऱ्यांची, म्हणजे पानासारखे दिसणारे, काडीसारखे दिसणारे, सालीच्या रंगाचे. आणि तिथंच सगळं अडतंय.

आता आंब्यावर एक हिरवी अळी आहे, दोन्ही अंगांना पिसांसारखे काटे आणि पाठीवरनं मधोमध एक फिकट पिवळी रेघ. ती रेघ पानाच्या मधल्या शिरेवर बरोब्बर ठेवून बसते. झाडाखाली उभं राहून मी बोट दाखवलं की माणसाला दिसते, पण फोटो काढला की गेली, नुसतं पान उरतं. नवऱ्यानं स्क्रीनवर मोठा करून बघितला तरी त्याला सापडेना. फ्लॅश मारला तर पान पांढरंफटक पडतंय आणि खालच्या अर्ध्या फोटोत काळी सावली. खोडावरच्या कोळ्याचं पण तेच, सालीचा फोटो येतोय, कोळी येत नाही.

सामान सांगते. साधा डीएसएलआर, १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्सा, फ्लॅश कॅमेऱ्याचाच, वेगळा नाही. मोबाइल पण बरा आहे. मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक किडा जवळनं मोठा काढायची लेन्स, घ्यायचं बजेट सध्या नाही.

मावसभाऊ म्हणतोय अळी उचल आणि पांढऱ्या कागदावर ठेवून काढ. दुसऱ्या एकानं सांगितलं किडा थोडा वेळ फ्रिजात ठेवला की गार पडतो, हलत नाही, मग निवांत काढता येतो. मला दोन्ही पटेना. जी गोष्ट पानावर लपलीय ती कागदावर ठेवली तर मग फोटो कशाचा काढला? पण दुसरं काय करावं हे पण कळेना म्हणून इथं विचारायलेय. आणि हो, सासूबाईंना कढीपत्त्यावर अळी दिसली की त्या पहिल्यांदा फवारा शोधतात, त्याच्यावर पण काही उपाय असला तर सांगा.


रानवाट_खानापूर

ताई, कागद नको आणि फ्रिज तर अजिबात नको. गारठून अर्धमेला झालेला किडा ज्या ढंगात पाय टाकून पडतो तसा तो जिवंतपणी कधीच बसत नाही, बघणाऱ्यांतला जाणकार पहिल्या नजरेत ओळखतो, आणि बिचाऱ्याला पुन्हा ताळ्यावर यायला वेळ लागतो त्या वेळात मुंग्या नाहीतर सरडा त्याला उचलतो. तुमचं मन जे सांगतंय ते बरोबर आहे.

तुमची अळी कॉमन बॅरन नावाच्या फुलपाखराची आहे, आंबा हे तिचं नेहमीचं झाड, आपल्या भागात आंबा तिथं बॅरन असं समजायला हरकत नाही. ती फोटोत का हरवते हे समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होतं. तिची रेघ शिरेवर बसते हे तुम्ही बघितलंच आहे, पण तेवढ्यानं ती लपत नाही. कुठलीही वस्तू पानावर ठेवली की तिच्या कडेला बारीक सावली पडते आणि त्या सावलीनं आपल्याला कळतं की इथं काहीतरी आहे. या अळीचे ते पिसांसारखे काटे आडवे पसरून पानाला टेकलेले असतात, त्यामुळं अंग कुठं संपलं आणि पान कुठं सुरू झालं ती कडच राहत नाही, सावली त्या पिसांत मुरून जाते. म्हणजे तिनं रंग जुळवलाय आणि वर सावलीपण पुसलीय. आता तुम्ही वरनं, पानाच्या बरोबर समोरनं फोटो काढताय, त्यात फ्लॅशचा उजेडपण समोरनंच, म्हणजे जी थोडीफार सावली उरली होती ती पण तुम्हीच घालवताय.

म्हणून उजेड बाजूनं पाहिजे. सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हा जा, सातच्या आसपास, पानावरनं ऊन घसरत जातं त्या वेळी अळीची जाडी एकदम वर येते, प्रत्येक काट्याची बारीक सावली पानावर पडते. ढगाळ दिवशी ऊन नाही तर बॅटरी घ्या, साधी एलईडीची चालते, आणि ती कॅमेऱ्याजवळ धरू नका, पानाच्या काठाशी आडवी धरा, घरात कुणाला तरी धरायला सांगा. फ्लॅश बंदच ठेवा.

दुसरं म्हणजे तुम्ही स्वतः खाली बसा. लेन्स पानाच्या पातळीवर आणा, म्हणजे पान तुम्हाला एका रेषेसारखं दिसलं पाहिजे आणि अळी त्याच्यावर उठून. मागं लांबची भिंत किंवा आभाळ येऊ द्या. आणि त्या कोनातनं आणखी एक गंमत होते, आंब्याचं पान गुळगुळीत असतं, तिरपं बघितलं की चकाकतं, अळी चकाकत नाही. मग रंग कितीही सारखा असू दे, पान उजळ आणि अळी गडद अशी दोन वेगळी होतात. लँडस्केपवाले ही चमक मारायला पोलरायझर लावतात, आपल्याला इथं ती चमक पाहिजे, फिल्टर काढून ठेवा.

तिसरा मार्ग उलट्या बाजूनं. पानाच्या खाली जा आणि वरच्या उजेडाकडं तोंड करून बघा. पान पातळ असेल तर त्याच्यावर बसलेल्या किड्याची काळी आकृती पानातनं स्पष्ट दिसते. आंब्याचं जून पान जाड असतंय, त्यात तेवढं जमत नाही, पण जास्वंद, पेरू, केळीचं पान यांच्यावर पानासारखे हिरवे नाकतोडे बसतात ते मी असेच शोधतो आणि असेच काढतो. पानाच्या शिरा उजळलेल्या आणि मधे सहा पायांची सावली, बघणाऱ्याला एका क्षणात कळतं.

आणि एक, फांदी फिरवू नका, पान वळवू नका. डहाळीला उलट्या लटकून बसणाऱ्या काही अळ्यांचं पोट पाठीपेक्षा गडद असतं, कारण उलटं बसल्यावर पोटावर ऊन येतं. वरच्या उजेडानं गडद भाग फिका पडतो, खालचा फिका भाग सावलीत गडद होतो, दोन्ही मिळून अळी सपाट दिसते, गोलाई कळतच नाही. आपण फांदी उलटी केली की हा सगळा हिशोब मोडतो आणि अळी ठळक दिसते, हे खरं, पण दोन मिनिटांत ती परत फिरून बसते नाहीतर खाली पडते. त्यापेक्षा उजेड फिरवा, अळी तिथंच राहू दे.


निपाणी_मोबाइलवाला

मी पूर्ण मोबाइलवर काढतो, तेवढंच सांगतो. मोबाइलमधल्या त्या दोन मेगापिक्सेलच्या मॅक्रो कॅमेऱ्याच्या नादाला लागू नका, त्याला किड्याच्या नाकाशी न्यावं लागतं आणि मोबाइलची सावली पडते. मेन कॅमेरा वापरा, थोडं लांब राहून दोनपट झूम करा आणि नंतर कापा, याच्यापेक्षा कितीतरी साफ येतंय. स्क्रीनवर किड्यावर बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो, मग शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं खाली ओढा, हिरवं पान फिकं पडत नाही. आणि हिरव्यावर हिरवं असलं की मी आधी मोनो फिल्टर लावून बघतो. रंग निघून गेले की कळतं आकार सुटा दिसतोय का नाही. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सुटा दिसला नाही तर कलरमध्ये पण दिसत नाही, मग जागा बदलायची, उजेडाची बाजू बदलायची, आणि सुटा दिसला की फिल्टर काढून क्लिक.


स्टुडिओ_वडगाव

अक्का, मी लग्नाचे फोटो काढणारा माणूस, पण किडे माझा जुना छंद आहे म्हणून सामानाबद्दल लिहितो.

मॅक्रो लेन्स नाही म्हणून अडायचं कारण नाही. ५५-२५० लेन्स तुमच्याकडं आहे, तिच्या तोंडावर लावायची रेनॉक्स डीसीआर-२५० म्हणून क्लिपची भिंग मिळते, तोंडाचं माप ५२ ते ६७ मिलिमीटर असलेल्या कुठल्याही लेन्सवर चिमट्यासारखी बसते, तिची ताकद, म्हणजे भिंगाचा नंबर, +८ डायॉप्टर. २५० ला झूम करून ती लावली की किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या मापाच्या जवळपास दुप्पट पडतो, आणि तरी लेन्सच्या तोंडापासून किडा चार-साडेचार इंच लांब असतो, म्हणजे तो बिथरत नाही आणि बाजूनं उजेड घालायला जागा राहते. एवढी मोठी आकृती नको असेल तर झूम कमी करायचा, बस. १८-५५ उलटी करून लावायची रिंग त्याच्यापेक्षा स्वस्त मिळते पण त्यात किड्याच्या अगदी अंगावर जावं लागतं आणि लपलेला किडा अंगावर गेल्यावर हमखास पानाच्या मागं सरकतो, म्हणून मी ती सुचवत नाही.

फोकसचं गणित मात्र डोक्यात ठेवा. किडा खऱ्या मापाचा पडतो तेव्हा एफ ११ ला, म्हणजे लेन्सचं भोक बरंच बारीक केलं तरी सुद्धा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पट्टा शार्प येतो, त्याच्या पुढचं मागचं सगळं मऊ. दुप्पट मापाला तर त्याहून कमी. म्हणून ऑटोफोकस बंद. फोकस एका जागी ठेवायचा आणि आपण कंबरेतनं हळूच पुढं मागं व्हायचं, डोळा शार्प दिसला की दाबायचं. आणि तो पातळ पट्टा किड्याच्या अंगाच्या दिशेनं घाला. काडीकिडा लांब असतो, कॅमेऱ्याची पाठ त्याच्या अंगाला समांतर धरली तर डोक्यापासून शेपटीपर्यंत येईल, तिरपी धरली तर नुसतं गुडघं शार्प येणार. एफ १६ च्या पुढं जाऊ नका, खोली वाढते पण सगळंच जरा मंद व्हायला लागतं.

आता फ्लॅशचं. रानवाटवाल्या दादांनी फ्लॅश बंद सांगितलंय, ऊन असताना ते बरोबर, पण आपल्याकडं पावसाळ्यात दुपारी बारालासुद्धा संध्याकाळ असते आणि वारा तर विचारू नका, फ्लॅशशिवाय पान थांबत नाही. तुमच्या फोटोत खाली काळी सावली येते ती लेन्सची आहे, कॅमेऱ्याचा फ्लॅश लेन्सच्या वर असतो, लेन्स लांब, किडा जवळ, म्हणजे उजेड लेन्सनं अडतो. उपाय असा, थर्माकोलची पातळ पांढरी शीट किंवा फोमशीट घ्या, मधे लेन्सच्या मापाचं भोक पाडा आणि लेन्सच्या पुढच्या कडेला अडकवा, फ्लॅशच्या पुढं येईल अशी. फ्लॅशचा उजेड त्या पूर्ण शीटवर पसरतो आणि तिथनं किड्यावर मऊ पडतो. शीटची एक बाजू काळ्या कागदानं झाका, म्हणजे उजेड एकाच बाजूनं येईल आणि लपलेल्या किड्याला जी सावली पाहिजे ती मिळेल. सेटिंग मॅन्युअल, शटर १/२००, एफ ८ ते ११, आयएसओ २०० ते ४००, फ्लॅशची पॉवर एक अष्टमांशपासून सुरू करून बघत जा.

वाऱ्याला एक सोपा उपाय. कपडे वाळत घालायचा चिमटा बांबूच्या काडीला बांधा, काडी मातीत रोवा आणि चिमट्यात फांदी धरा, पण किड्यापासून हातभर लांब, नाहीतर धक्क्यानं तो खाली उडी मारतो.

मला स्वतःला मागं काळं पाहिजे असतं. फ्लॅशचा उजेड मागच्या लांबच्या झाडापर्यंत पोचत नाही, बॅकग्राउंड काळं होतं आणि किडा असा काही उठून येतो की बघत राहावं.


रानवाट_खानापूर

वडगावकर, बाकी सगळ्याला मान्यता, चिमट्याचं तर फारच उपयोगी, पण काळ्याबद्दल माझा विरोध आहे. पाचोळ्यात पाचोळ्यासारखं बसलेलं फुलपाखरू काळ्या पडद्यापुढं आणलं तर त्याची सगळी करामत गेली, लोकांना वाटणार एक मळकट फुलपाखरू. लपणाऱ्याचा फोटो म्हणजे किडा आणि त्याची जागा दोन्ही. मी नेहमी दोन फोटोंची जोडी काढतो, आधी लांबनं जसं दिसलं तसं, अख्खी फांदी, कुणाला सापडो न सापडो. मग जवळनं, बाजूच्या उजेडात. दोन्ही शेजारी ठेवले की बघणारा पहिल्यात परत जाऊन शोधतो आणि सापडल्यावर त्याच्या तोंडावर जो आनंद असतो त्याच्यासाठी एवढी खटपट.


स्टुडिओ_वडगाव

जोडीची कल्पना एक नंबर, मान्य. पण खोडावरचा दोन शेपट्यांचा कोळी घ्या, साल खडबडीत, कोळी खडबडीत, तिथं जवळनं काढलेला फोटोपण लोकांना कळत नाही हो, तिथं काहीतरी ठळक करावंच लागतं. काळं नको तर नको, बॅटरी खोडाला चिकटवून आडवी धरा, त्या कोळ्याचे मागचे दोन लांब धागे काढायचे अवयव आहेत, जे आपल्याला शेपट्या वाटतात, त्यांची सावली सालीवर पडली की तो लगेच ओळखू येतो. हिरव्या किड्यांना काळं टाळायचं असेल तर किड्याच्या मागं वीतभर अंतरावर त्याच झाडाचं दुसरं पान येईल अशी बाजू धरा, फ्लॅश तिथपर्यंत पोचतो आणि मागं मऊ हिरवं येतं. हा मधला मार्ग तुम्हाला पण चालेल बघा.


रानवाट_खानापूर

चालेल की ओ. हे बरं आहे.


शाळा_चंदगड

मी सीमेच्या अलीकडची, चंदगडची. मुलांना घेऊन बांधाबांधानं फिरते, त्यामुळं फोटोपेक्षा शोधण्याबद्दल सांगू शकेन, कारण सापडलाच नाही तर फोटो कशाचा.

किडा शोधू नका, झाड शोधा. बहुतेक अळ्या ठरावीक झाडावरच वाढतात. कढीपत्ता आणि लिंबावर लिंबाळ्या फुलपाखराच्या अळ्या, लहानपणी त्या अगदी पक्ष्याच्या शिटेसारख्या, तपकिरी-काळ्या आणि मधे पांढरा डाग, आणि मोठ्या झाल्या की हिरव्यागार. एकाच अळीची लपायची तऱ्हा अंगाच्या मापाप्रमाणं बदलते, लहान असताना शिटेएवढीच असते म्हणून शीट शोभते, मोठी झाल्यावर एवढी मोठी शीट कुणाला पटणार, म्हणून पान. हे दोन्ही टप्पे एकाच झाडावर एकाच दिवशी मिळतात, जोडी काढायला याच्यापेक्षा सोपं काही नाही. फक्त बोट लावू नका, हात लागला की डोक्यामागनं केशरी लाल शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते, मग तो घाबरलेल्या अळीचा फोटो झाला, लपलेल्या अळीचा नव्हे.

झाड ठरलं की खाली बघा. जमिनीवर, खालच्या पानावर लेंड्या पडलेल्या असतात. ताज्या लेंड्या ओलसर हिरवट, जुन्या काळ्या कोरड्या. ताज्या दिसल्या की त्यांच्या बरोबर वर मान करा, अळी तिथंच आहे. पावसानं लेंड्या वाहून जातात म्हणून एक जुना पांढरा पंचा रात्री झाडाखाली पसरून ठेवा, सकाळी कुठल्या फांदीखाली जास्त पडल्यात ते कळतं. मग कुरतडलेल्या पानांच्या कडा बघा.

उंटअळी तर अशीच सापडते. ती मागच्या पायांनी डहाळीला घट्ट धरते आणि बाकी अंग ताठ तिरपं उभं करून बसते, हुबेहूब मोडकी काडी. तासन् तास हलत नाही. तिच्या तोंडापासून डहाळीपर्यंत कधी कधी एक रेशमाचा बारीक धागा ताणलेला असतो, तोल सावरायला. समोरनं तो दिसतच नाही, उन्हाकडं तोंड करून बघितलं की चमकतो. काडीला धागा कशाला असेल, असं मुलांना विचारलं की ती बरोबर ओळखतात.

रात्री बघा. खंडोबाचा किडा (प्रार्थना कीटक), काडीकिडा, पानासारखे नाकतोडे दिवसा पुतळा होऊन बसतात आणि अंधार पडला की हलायला लागतात, हलला की लपणं संपलं. बॅटरी कपाळाला लावून हळूहळू चाला. आता अल्ट्राव्हायोलेट बॅटऱ्या मिळतात, ३६५ नॅनोमीटर लिहिलेली बघून घ्या, तिच्या उजेडात कितीतरी अळ्या फिकट हिरव्या निळ्या चमकतात आणि पानं मंद लालसर दिसतात, लांबनं ओळखू येतं. तो झोत डोळ्यांत जाऊ देऊ नका, मुलांच्या हातात तर देऊच नका, आणि अळी सापडली की बंद करा.

खंडोबाच्या किड्याच्या डोळ्यात दिवसा एक काळा ठिपका दिसतो, तुम्ही कुठूनही बघा तो ठिपका तुमच्याकडंच वळलेला असतो. तो ठिपका कुठं हलत नाही, डोळ्याच्या हजारो बारीक खणांतले जे खण सरळ तुमच्या दिशेनं असतात ते काळे दिसतात, एवढंच. फोकस त्या ठिपक्यावर करा. रात्री अख्खा डोळाच गडद होतो, मग ठिपका मिळत नाही.

आता दिवस कुठले म्हणाल तर पाऊस ओसरताना, गणपतीपासून दिवाळीपर्यंत. नंतर भात कापणीच्या सुमाराला एक वेगळीच गोष्ट बघायला मिळते. आपल्या भाताच्या शिवारात संध्याकाळी उडणारं ते तपकिरी फुलपाखरू, इव्हिनिंग ब्राउन, त्याची अळी भातावर आणि गवतावर वाढते. पावसाळ्यातल्या पिढीच्या पंखाखाली डोळ्यांसारखे ठिपके असतात. थंडी आणि कोरडी हवा सुरू झाली की पुढच्या पिढीचे ठिपके जवळजवळ जातात आणि पंख वाळक्या पानासारखे होतात, त्यातही एकसारखे दोन नसतात, कुणी पिवळट, कुणी काळपट, कुणाच्या मधोमध शिरेसारखी रेघ. त्या दिवसांत सगळीकडं पाचोळाच असतो ना. दोन्ही मोसमांत एकाच जागी फोटो काढून ठेवले तर फार मोलाची गोष्ट होईल, परड्यातला पाचोळा मात्र जाळू नका.

सासूबाईंचं म्हणाल तर कढीपत्त्याची दोन झाडं असतील तर एक स्वयंपाकाला आणि एक अळ्यांना असं ठरवून टाका. अळी दिसली की फवारायच्या ऐवजी त्या पानासकट दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवायची. आणि एकदा त्यांना शिटेसारख्या अळीपासून कोषापर्यंत सगळं दाखवा, आमच्याकडं या युक्तीनं खूप घरांत फवारे बंद झाले.


परडं_अनगोळ

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज सकाळी उजाडताच आंब्याखाली खाली बसून बघितलं. बाजूचं ऊन आल्यावर जे दिसलं ते मी आजवर बघितलंच नव्हतं. त्या प्रत्येक काट्याला पुन्हा बारीक फाटे आहेत, आणि फाट्यांची टोकं पानाला टेकलीत, ऊन त्यांच्यातनं गाळून खाली येतंय. अंगाखाली सावली शोधली तर खरंच कुठंच सरळ रेघ नाही. पान रेषेसारखं दिसेल एवढं खाली गेले तेव्हा पान पांढरं चकाकलं आणि अळी गडद हिरवी. मोनो करून बघायची युक्ती कॅमेऱ्यात पण चालतेय, रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, रंग शिल्लक राहतात. लांबचा आणि जवळचा दोन्ही काढले, नवऱ्याला आधी लांबचा दाखवला, मग जवळचा, आणि मग तो परत लांबच्यात शोधत बसला. थर्माकोलचं काम आज संध्याकाळी.

दोन प्रश्न राहिले. एक, ओळख पटवायला फोटो कुठं टाकायचे? दुसरा, तगरीखाली आज मिरीएवढ्या मोठ्या लेंड्या सापडल्या, वर बघून मान अवघडली पण काही दिसलं नाही. काय असेल? आणि कुणी म्हणत होतं भीमगडला जाऊन काढा म्हणून, तिकडं जाता येतंय का?


रानवाट_खानापूर

भीमगड अभयारण्य आहे, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरायचं नाही, रात्री तर नाहीच. पण तुम्हाला तिथवर जायची गरजपण नाही, जांबोटी कणकुंबीकडच्या कुणा ओळखीच्याच्या परसात एक रात्र बॅटरी घेऊन फिरलात तर आठवडाभर पुरेल एवढं मिळेल. पावसाळ्यात तिकडं गेलात तर कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही.

ओळखीसाठी आयनॅचरलिस्ट ॲप. वरनं, बाजूनं आणि झाडाचं पान असे तिन्ही फोटो एकाच नोंदीत टाका, कारण अळी नुसत्या रंगावरनं ओळखणं कठीण, झाड कळलं की अर्धं काम होतं. घरचं परडं आहे तेव्हा नोंद करताना ठिकाण धूसर ठेवायचा पर्याय निवडा, म्हणजे नेमकं घर नकाशावर दिसत नाही.


शाळा_चंदगड

तगर आणि मिरीएवढ्या लेंड्या म्हणजे बहुतेक कण्हेरीच्या पतंगाची अळी, ऑलिअँडर हॉकमॉथ. बोटाएवढी हिरवी, बाजूनं पांढरी रेघ आणि ठिपके, मागं आखूड शिंग. दिवसा पानाच्या खालच्या अंगाला शिरेला चिकटून असते म्हणून वरनं दिसत नाही, तुम्ही झाडाच्या बुंध्याशी बसून आतनं बाहेर, आभाळाकडं बघा, खानापूरच्या दादांनी सांगितलेली पानातनं आकृती बघायची रीत इथं चांगली चालते. डिवचली तर डोकं आत ओढून पुढचं अंग फुगवते आणि दोन मोठे निळे डोळे दिसतात, ते खरे डोळे नव्हेत. तेवढ्या फोटोसाठी तिला त्रास देऊ नका, कधी तरी आपणहून दाखवेल.

पूर्ण वाढली की तिचा हिरवा रंग जाऊन ती मातकट तपकिरी होते आणि झाड सोडून खाली उतरते, पाचोळ्यात कोष करायला. हिरव्या पानावर हिरवी आणि मातीत मातीसारखी. बहुतेकांचा हा टप्पा हुकतो कारण झाडावर दिसेनाशी झाली की पक्ष्यानं खाल्ली असं समजून लोक शोधणं सोडतात. लेंड्या अचानक बंद झाल्या की त्या दिवशी संध्याकाळी बुंध्याभोवतीची जमीन बघा, आणि तोवर तगरीखालचं अंगण झाडू नका असं घरात सांगून ठेवा.